खापरोळीचं पीठ आदल्या रात्रीचं असतं

पत्र (थोडं आखूड करून):

ताई, माझं माहेर मालवण तालुक्यात, राहते डोंबिवलीला. आई गेल्या कार्तिकात गेली, 79 वर्षांची होती. गावात तिला सगळे 'बाई' म्हणत. आमच्या पडवीत तिने 45 वर्षं गाणं आणि पेटी शिकवली. बाबा लवकर गेले. आम्ही तीन भावंडं, शिवाय एक आतेभाऊ शिकायला आमच्याकडेच. सगळ्यांचं तिनेच केलं.

आता वर्षश्राद्धाच्या सुमाराला तिचे विद्यार्थी देवळाच्या सभामंडपात कार्यक्रम करतायत, स्मरणिका काढतायत. मी दोन पानं लिहावीत आणि पंधरा मिनिटं बोलावं, असं त्यांचं म्हणणं. तीन वेळा लिहायला बसले. 'वात्सल्यमूर्ती' लिहिलं, 'संगीताची निस्सीम उपासक' लिहिलं आणि कागद फाडला. खरं सांगू? मनात वेगळंच येतं. आमच्या वाट्याला आई क्लास सुटल्यावर यायची. 1988 च्या जूनमध्ये माझा दहावीचा निकाल लागला. मी पावसातून धावत घरी आले तर पडवीत आठ मुली भूप राग घोकत होत्या. मी ओरडले, "आई, पास झाले, फर्स्ट क्लास!" ती म्हणाली, "थांब, हेंचो अंतरो होऊंदे." मी आत जाऊन रडले. रात्री खापरोळ्या होत्या, पण रुसून दोनच खाल्ल्या. असलं काही सभामंडपात सांगायचं का? विद्यार्थी अजून तिच्या आठवणीने रडतात, मला मात्र रडू येत नाही, याचीही लाज वाटते.

दुसरं म्हणजे पेटी. एक विद्यार्थिनी स्वतःचा क्लास चालवते, तिला ती हवी आहे. भाऊ म्हणतो, काचेच्या कपाटात ठेवू, वर आईचा फोटो. पुतण्या म्हणतो, विकून टाका, कोण वाजवतंय? आई स्वतः म्हणायची, "पेटी खोटां बोलता, कानान आयक." मग पेटीवरून एवढं रामायण कशाला, असंही वाटतं. शिवाय माळ्यावर चाळीसेक कॅसेटी आणि दहा-बारा वह्या आहेत. धाकटी बहीण म्हणते, आईच्या नावाने तालुक्याची गायन स्पर्धा ठेवू, फिरता चषक देऊ. गावच्या घरात आता भाऊ-वहिनी दोघंच. (क्लासच्या वेळी आतलं सगळं वहिनीच बघायची. ती भाकऱ्या करताना काहीतरी गुणगुणते, तेव्हा क्षणभर आईच आहे असं वाटतं.) काय करू?

– बाईंची थोरली मुलगी

---

रडू येत नाही म्हणता, ते आधी बाजूला काढून ठेवू. विद्यार्थ्यांकडे बाईंची एकच बाजू आहे, पडवीतली. संध्याकाळचे दोन तास, पेटी, उदबत्तीचा वास. आठवण काढली की ती अख्खी हाताला लागते आणि डोळे भरून येतात. तुमच्याकडे त्याच बाईंच्या औषधांच्या चिठ्ठ्या आहेत, बँकेचं पासबुक आहे, शेवटच्या महिन्यात भावाशी झालेले फोन आहेत. एवढ्या पसाऱ्यात रडू वेळेवर सापडत नाही. यायचं तेव्हा येईल, आणि बहुतेक सभामंडपात येणार नाही. डोंबिवलीच्या बाजारात कुणाच्या टोपलीत हळदीची पानं दिसतील तेव्हा येईल. त्याची लाज कसली?

आता मुद्द्याचं. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना ज्या वाक्यावर अडले, तिथून तुम्ही स्वतः घाईघाईने पुढे गेला आहात: 'रात्री खापरोळ्या होत्या.'

अहो, गोड रसात बुडवून खायच्या त्या जाळीदार खापरोळ्या काय पोह्यांसारख्या मनात आलं की होतात? तांदूळ, उडदाची डाळ, चिमूटभर मेथीदाणे सकाळी भिजत घालायचे. संध्याकाळी वाटायचे. रात्रभर पीठ आंबू द्यायचं, आणि पावसाच्या ओल्या गारव्यात ते वर यायला नेहमीपेक्षा जास्तच वेळ घेतं. दुसऱ्या दिवशी नारळ खवायचा, वाटायचा, दूध काढायचं, गूळ-वेलची घालून रस करायचा आणि मग चुलीपुढे बसून एकेक खापरोळी घालायची. तेव्हा तुमच्याकडे मिक्सर आला होता की नव्हता मला ठाऊक नाही. नसेल, तर पाच-सहा माणसांचं पीठ रगड्यावर वाटायला तासभर तरी हात फिरला असणार.

म्हणजे बघा. निकाल लागायच्या आदल्या दिवशी सकाळी बाईंनी तांदूळ भिजत घातले होते. तेव्हा निकाल कुणालाच माहीत नव्हता, तुम्हांलाही नाही. तुम्ही गणितात गचकला असतात तरी त्या रात्री घरात रस-खापरोळ्याच होत्या. पास झाल्याची बातमी ऐकायला त्या थांबल्या नाहीत, कारण त्या बातमीवर त्यांचं काही अडलेलंच नव्हतं. पडवीतल्या मुलींचा अंतरा मात्र मध्येच सोडला असता तर गेला असता.

कदाचित मी जास्तच ताणत असेन. पण जूनमध्ये आडदिवशी, नांगरणी-पेरणीच्या धांदलीत, खापरोळ्यांचा घाट कोण घालतं? खात्री करायची तर भावाला विचारा, आदल्या संध्याकाळी पीठ वाटायला कोण बसलं होतं आणि 'आज काय विशेष' असं त्याने विचारलं होतं का. मुलगे अशा वेळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर घुटमळत असतातच.

त्या अंतऱ्याचंही थोडं सांगते, कारण मी स्वतः रत्नागिरीत एका पडवीत बसून तो घोकला आहे. भूपात पाचच सूर, मध्यम आणि निषाद (म आणि नी) वर्ज्य. म्हणूनच तो नवशिक्यांना लवकर देतात. स्थायी, म्हणजे बंदिशीचा पहिला भाग, पोरं दोन दिवसांत पाठ करतात. अंतरा, म्हणजे दुसरा भाग, वर तार षड्जाला जातो, आणि तिथे दहा-बारा वर्षांची मुलगी आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण गळा उघडते. निम्म्या मुली घाबरून खालीच राहतात, उरलेल्या किंचाळतात. अशा आठ जणींना कसंबसं वरच्या सा पर्यंत आणलं असताना कुणी दारातून हाक मारली, की सगळ्या एकदम खाली घसरतात आणि मग त्या दिवशी परत काही वर जात नाहीत. माझ्या बाईंच्या दाराशी पोस्टमन आला तरी त्या हाताने थांबवून ठेवत. तुम्हांला त्या दिवशी पोस्टमनसारखं थांबवलं, हे लागणारच. पंधरा-सोळा वर्षांच्या पोरीला लागलंच पाहिजे.

म्हणून हेच लिहा. पाऊस, आठ मुली, 'थांब', आत जाऊन रडणं, रुसून खाल्लेल्या दोन खापरोळ्या. सगळं जसं झालं तसं, त्याला साखर न लावता. मग पिठाचं एक वाक्य लिहा आणि पुढच्या गोष्टीकडे वळा. त्याचा अर्थ सांगत बसू नका. सभामंडपात निम्म्या बायका जन्मभर पीठ आंबवत आलेल्या असतील, तुमचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांना कळेल. पुरुषांना त्या घरी गेल्यावर सांगतील.

तक्रार सांगितली तर आईचा अपमान होईल ही भीती मी ओळखते. माझ्या बाई गेल्या तेव्हा मी एका अंकासाठी लेख लिहिला होता. 'स्वरांची साधिका', 'तेवती समई', सगळं होतं त्यात. बाईंच्या मुलीने वाचला आणि म्हणाली, "छान लिहिलंयस. कोणाबद्दल आहे?" तिला टोमणा मारायचा नव्हता, तिला खरंच तिची आई त्यात सापडली नव्हती. तिची आई सूर चुकला की पेटीचा भाता धरून ठेवून नुसती बघत राहायची, आणि त्या शांततेला आम्ही छडीपेक्षा जास्त भ्यायचो. तेच मी गाळलं होतं, वाईट दिसेल म्हणून.

'आई' आणि 'बाई' असे दोन वाटे पत्रभर तुम्ही करत आला आहात. आपल्या खालच्या अंगाला, गोव्यातल्या कुर्डी गावच्या मोगूबाई कुर्डीकर (1904–2001) आठवून पाहा. अल्लादिया खाँसाहेबांची तालीम घेतलेल्या, नवरा गेल्यावर तीन लेकरं एकटीने वाढवलेल्या. थोरल्या मुलीला, किशोरी आमोणकरांना, गाणं त्यांनीच दिलं. किशोरीताईंच्या तोंडी आईलाही आणि गुरूलाही नाव एकच होतं, माई. त्यांच्या शिस्तीबद्दल त्या बोलायच्या तेव्हा आई बोलली की गुरू, हे वेगळं काढता यायचं नाही. तुमच्याकडे नावं दोन पडली म्हणून माणसं दोन झाली असं वाटतं. पण पडवी आणि स्वयंपाकघर यांच्यात तुमच्या घरी दार होतं ना, आणि ते क्लासच्या वेळी लावलेलं असायचं का? माझ्या बाई आतून नारळ खवता खवता ओरडायच्या, "गंधार उतरलाय, बघ!" तुमच्या बाईही तसंच करत असतील तर ते वाक्य, त्यांच्या मालवणीत, स्मरणिकेत यायलाच हवं.

ते गोळा कधी करायचं? कार्तिकापर्यंत थांबू नका. तुमचं पत्र श्रावणात आलंय, पुढे भादवा. गणपतीला मुंबई-पुण्याचे चाकरमानी विद्यार्थी गावात उतरतील. वर्ष पुरं झालं नाही म्हणून घरात सण साधाच होणार असेल, ते आणखी बरं, तुमची पडवी मोकळी असेल. एका दुपारी सगळ्यांना बोलवा. माईक नको, हारतुरे नकोत. प्रत्येकाने अशी आठवण सांगायची की तिच्यात काहीतरी दिसलं पाहिजे किंवा ऐकू आलं पाहिजे. 'बाई फार प्रेमळ होत्या' म्हणणाऱ्याला चहा द्या आणि शेजारच्याकडे वळा. बाई मुलांना गांधर्व महाविद्यालयाच्या संगीत परीक्षांना बसवत असतील, तर प्रारंभिकचा, म्हणजे पहिल्या परीक्षेचा, फॉर्म कोणी भरला, परीक्षेला कुठे नेलं, पहाटेची एसटी कोणती, डब्यात काय होतं, ज्याच्याकडे फीचे पैसे नव्हते त्याचं काय झालं, हे विचारा. क्लासची फी पैशांतच होती, की सोलं, तांदूळ, ओले काजूगरही चालायचे? लावणीच्या दिवसांत क्लास बंद असायचा का? 45 वर्षं क्लास चालवणं म्हणजे हे असलं सगळं असतं. 'उपासना' हा शब्द त्यावर पांघरुणासारखा पडतो आणि खालचं काही दिसत नाही.

आता माळा. पेटीवरून तुम्ही सगळे भांडताय, पण घाईचं काम कॅसेटी आणि वह्यांचं आहे. कोकणातला आणखी एक पावसाळा त्यांना सोसवेल याची खात्री नाही.

कॅसेटी आधी खाली आणा, कोरड्या खोलीत ठेवा. प्रत्येकीच्या छोट्या खिडकीतून फितीकडे बघा. पांढरट भुकटीसारखं दिसलं तर ती बुरशी. अशी कॅसेट टेपमध्ये घालू नका, टेपचं हेड खराब होतं आणि तीच बुरशी पुढच्या कॅसेटला लागते. त्या वेगळ्या काढून जाणत्या माणसाकडे द्या. उरलेल्यांच्या पाठच्या बाजूच्या दोन प्लास्टिकच्या जिभल्या तोडून टाका, म्हणजे चुकून कुणी बटण दाबलं तरी आईच्या आवाजावर दुसरं काही भरलं जाणार नाही. वाजवण्याआधी एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून घ्या, फीत चिकटलेली असते. मग टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून संगणकात भरून घ्या. साठ मिनिटांची कॅसेट साठच मिनिटं घेते, त्यात घाई चालत नाही. चाळीस कॅसेटी म्हणजे चाळीस तास. वेव्ह फाइल ठेवा, मिनिटाला साधारण 10 एमबी लागतात. सगळं मिळून 24-25 जीबी, म्हणजे 32 जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये मावेल. तीन प्रती करा, तिघा भावंडांकडे एकेक. आणि कुठलाही उत्साही मुलगा 'आवाज साफ करून देतो' म्हणाला तर त्याला आधी मूळ प्रतीपासून लांब ठेवा. कौलांवरचा पाऊस, मागे शिजणारी डाळ, 'परत म्हण' म्हणणारी आई, हे त्याच्या हिशेबात खरखरीत जमा होतं.

वह्यांचे फोटो दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी, एकेक पान काढा. लॅमिनेशन मुळीच करू नका. आणि स्मरणिकेत त्यातली एखादी बंदिश छापणार असाल, तर एक गोष्ट आधी बघून घ्या, कारण ही चूक मी छापून आलेली पाहिली आहे. आपल्याकडे स्वर लिहायच्या दोन पद्धती चालतात, विष्णु दिगंबर पलुस्करांची आणि भातखंड्यांची. पलुस्कर पद्धतीत सुराच्या डोक्यावर टिंब दिलं की तो मंद्र, म्हणजे खालचा. भातखंडे पद्धतीत डोक्यावर टिंब म्हणजे तार, वरचा. टंकणाऱ्याला हे माहीत नसेल तर बाईंचा खालचा धैवत थेट माडावर जाऊन बसेल. वही कोणत्या पद्धतीची हे कोमल स्वरावरून लगेच ओळखता येतं. पाय मोडून लिहिला असेल तर पलुस्कर, खाली आडवी रेघ असेल तर भातखंडे. 45 वर्षांच्या वह्या आहेत, कदाचित मध्येच पद्धत बदललेलीही दिसेल. तसं दिसलं तर कोणत्या साली बदलली ते लिहून ठेवा, तिच्या विद्यार्थ्यांना त्यात रस वाटेल.

पेटीचं माझं मत साफ आहे. काचेचं कपाट नको. पेटी हवेवर जगते, भाता हलला नाही की त्याचं चामडं कडक होतं आणि घडीवर चिरतं. समुद्राच्या खाऱ्या हवेत आतले पितळी सूर, म्हणजे आवाज देणाऱ्या पात्या, हिरवे पडतात, आतल्या बनातीला कसर लागते, पावसात लाकूड फुगून पट्ट्या अडकतात. वाजती पेटी हे सगळं सोसते, कारण बिघडली की कुणीतरी ती उघडतं. माझ्या बाईंची पेटी अशीच कपाटात ठेवली होती, वर मोत्यांची माळ. आठ वर्षांनी एका कार्यक्रमासाठी काढली. भाता मारला तर नुसता फुस्स आवाज. पुतण्याला सांगा, विकून त्याच्या मोबाइलचा हप्ताही सुटायचा नाही.

पेटी त्या विद्यार्थिनीकडे जाऊ दे. वापरायला द्या, देऊन टाकू नका. एका कागदावर चार ओळी लिहा: मालकी भावाकडे, डागडुजी तिच्याकडे, क्लास बंद केला तर पेटी घरी, आणि दर वर्षी बाईंच्या तिथीला ती घरी आणून वाजवायची. कागद कशाला, ती काय परकी आहे, असं भाऊ म्हणेल. परकी नाही म्हणूनच कागद. उद्या तिच्या मुलाने आणि तुमच्या पुतण्याने त्यावरून भांडू नये.

दुरुस्तीला मात्र आत्ता देऊ नका. दसरा होऊ दे, ऑक्टोबरच्या उन्हात लाकूड आक्रसलं की मग कारागीर बोलवा. त्याला बजावा की पॉलिश करायचं नाही, पट्ट्या बदलायच्या नाहीत, आणि सूर बदलावाच लागला तर जुना पाकिटात घालून परत द्यायचा. त्याआधी एक काम तुम्ही स्वतः करा. पेटी उजेडात ठेवून पट्ट्या नीट बघा. जी सगळ्यात जास्त झिजलेली, बोटाच्या खळग्याची, ती बहुधा बाईंचा सा. बायका बहुतेक करून काळी चार, काळी पाच, म्हणजे पेटीवरच्या चौथ्या-पाचव्या काळ्या पट्टीच्या आसपास सा धरून गातात. विद्यार्थ्यांना विचाराल तर प्रत्येक जण आपापली पट्टी सांगेल. पेटी बाईंची सांगेल.

'पेटी खोटां बोलता' याने मात्र गोंधळून जाऊ नका. त्या बरोबरच म्हणत होत्या. पेटीचे सूर कारखान्यातून बांधून येतात. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, तिच्यावर निघत नाही, आणि आपल्या रागातला गंधार कधी केसभर चढा, कधी उतरा लागतो, ते तिला जमत नाही. याच कारणावरून आकाशवाणीने 1940 मध्ये पेटीला बाहेर काढलं होतं, ते 1971 मध्ये जरा सैल केलं. तुमच्या पडवीत क्लास सुरू झाला तो याच सुमाराचा, नाही का? ज्या वाद्याला रेडिओने तीस वर्षं दाराबाहेर ठेवलं, त्याच्यावर गावातली पोरं शिकवायची आणि वर 'हिच्यावर विश्वास ठेवू नका' असंही सांगायचं, ही खरी शिक्षिका. पेटी म्हणजे चालायला शिकणाऱ्याचा पांगुळगाडा. तो रांगणारी पोरं आहेत तिथेच असावा.

स्पर्धेचं लवकर आटपते. माझ्या बाईंच्या नावाने एका संस्थेने चषक ठेवला होता. तिसऱ्या वर्षी पत्रिकेत बाईंचं आडनाव चुकीचं छापलं, सहाव्या वर्षी प्रायोजकाचं नाव मोठं झालं, नंतर काय झालं ते मी बघायला गेले नाही. धाकट्या बहिणीचं मन मोडू नका. तिला म्हणा, त्या पैशांतून गावातल्या दोन-तीन मुलांच्या परीक्षेची फी दर वर्षी भर, पेटी चालवणाऱ्या विद्यार्थिनीला विचारून. चषकापेक्षा खर्च कमी आणि भाषणं शून्य.

राहिल्या वहिनी. तुमच्या चार पानी पत्रात त्या एकाच ठिकाणी आल्या, तेही बहुतेक कंसात.

पुतण्या पेटी विकायच्या गोष्टी करण्याइतका मोठा झालाय, म्हणजे त्यांना त्या घरात वीसेक वर्षं तरी झाली असतील. आठवड्याला तीन संध्याकाळी धरल्या तर वीस वर्षांत तीन हजार क्लास. बाईंचा कुठलाही विद्यार्थी इतके बसलेला नाही, तो चार-पाच वर्षांत मध्यमा परीक्षा देऊन मुंबईला निघून गेला. प्रत्येक बॅचचा भूप, प्रत्येक बॅचचा यमन, प्रत्येकीची चूक आणि त्यावर बाईंनी काय केलं, हे सगळं त्यांनी दाराआडून ऐकलंय, हातात उलथनं धरून. आणि त्या आत होत्या म्हणून बाई बाहेर बसू शकल्या. तुमच्या स्मरणिकेत त्यांचं नाव 'आभार' या मथळ्याखाली टाकलंत तर मी पुढचं पत्र उघडणार नाही.

आणि त्या यायच्या आधी आत कोण होतं? बहुधा तुम्हीच. थोरली मुलगी, वडील नाहीत, क्लासच्या वेळी भाताची पेज कोण काढणार? तुम्ही गाणं शिकलात की नाही, हे पत्रात एका शब्दानेही लिहिलेलं नाही. पण पावसातून धावत, निकालाचा कागद छातीशी धरून, जीव धपापत येणाऱ्या मुलीला पडवीत 'भूप' चाललाय हे कळलं. नुसतं 'गाणं चाललं होतं' असं तुम्ही लिहिलं नाहीत. स्थायी संपून अंतऱ्यावर आलेत, हेही तुम्हांला तेव्हाच उमगलं असणार. न शिकलेल्याला हे ओळखू येत नाही. कोणी शिकवलं, ते त्या दोन पानांत लिहायचं की नाही, तुमचं तुम्ही ठरवा.

वहिनींना थेट विचाराल तर त्या म्हणतील, "माकां खंय गाणां येता?" म्हणून विचारू नका. गणपतीला जाल तेव्हा सकाळी भाकऱ्यांच्या वेळी स्वयंपाकघरात जा. फोन एअरप्लेन मोडवर टाका, मध्येच वाजला तर त्या गप्प होतील. तो पिठाच्या डब्याला टेकवून ठेवा, पडदा भिंतीकडे करून, आणि तुम्ही विळीवर कांदा घेऊन बसा. काय गुणगुणतायत ते ओळखू आलं तर लगेच सांगू नका, अंतरा होऊ दे.